थोरल्याचे केस

गुरुवार, ८ जून

बाबा गेले. पहाटे, गावी, उयोमाला. धाकट्या बहिणीचा, अडोयोचा फोन आला तेव्हा मी मशीनजवळ होतो. रोजची तपासणी चालू होती. प्लास्टिकच्या ठोकळ्यात मापक बसवायचं, किरण सोडायचे, आकडा ठरल्याप्रमाणे येतो का ते बघायचं. फोनवर 'बाबा' एवढंच कळलं, पुढे नुसतं रडणं. तपासणी अर्धवट टाकता येत नाही, बाहेर पेशंट येऊन बसायला लागले होते. पूर्ण केली. आकडा बरोबर आला. मग चेबेटला सांगितलं. कॅन्सरच्या किरणोपचार विभागात आम्ही दोघेच फिजिसिस्ट. ती म्हणाली, "आणि तू अजून इथे काय करतोयस?"

दादाची उपचाराची पाळी व्हायची होती, म्हणून थांबलो होतो. वाटलं, आज येणार नाही. आला! डोळे सुजलेले, शर्टाची बटणं वरखाली लागलेली. टेबलावर चढता चढता म्हणाला, "एकही दिवस चुकवायचा नाही असं तूच बजावलंयस ना? मग!"

त्याचं झाल्यावर दोघे गावी निघालो.

शुक्रवार, ९ जून

पहाटे पुन्हा शहरात, किसुमूला, दादाला घेऊन. निघताना आई म्हणाली, "सायनसचं एवढं काय रे? बाप घरात नाही आणि तुम्ही दवाखान्यात पळताय." मी बूट घालत होतो. घालतच राहिलो.

रविवार, ११ जून

संध्याकाळी सवयीने बाबांचा नंबर लावला. दर रविवारी लावायचो. त्यांचा प्रश्न ठरलेला — "मशीन चालू आहे का?" चालू आहे म्हटलं की "मग ठीक", आणि फोन आईकडे. आज फोन अडोयोने उचलला. म्हटलं, चुकून लागला.

दादा काल नैरोबीला जाऊन आला. तिथल्या नातेवाइकांना कळवायला. मी जातो म्हटलं तर ऐकेना. "थोरला मी आहे. तू तुझं मशीन सांभाळ."

त्याच्या नाकामागे, कवटीच्या तळाशी गाठ आहे. मार्चमध्ये त्याला एकाचे दोन दिसायला लागले. मिनीबस चालवणारा माणूस! किसुमू–नैरोबी, बारा वर्षं. कुणाला बोलला नाही. "समोरून दोन ट्रक दिसले की मी मधून काढायचो," असं हसत सांगत होता. आता गाडी त्याचा क्लीनर चालवतो. गावात सांगितलंय — सायनस. खरं फक्त वहिनीला आणि मला ठाऊक. बाबांनाही सांगितलं नाही. नंतर सांगू म्हटलं होतं.

मंगळवार, १३ जून

गावच्या बैठकीत ठरलं, माती शनिवारी चोवीसला. रबुरू काका — बाबांचे धाकटे भाऊ — सगळं हातात घेऊन बसलेत. बैल किती, मंडप कुठे, लाऊडस्पीकर कुणाचा. मला विचारलं, "तुझ्या हॉस्पिटलातून किती माणसं येतील?" म्हटलं, दोन. "दोनच? एवढी वर्षं काय केलंस तिथे?"

खरं आहे. मी बोलत नाही फारसा.

दादाची फाईल माझ्याकडे नाही. असा नियम आहे, आणि तो मीच लिहिलाय. घरच्या माणसाची फाईल उघडायची नाही, चित्रं बघायची नाहीत, हिशेब दुसऱ्याने करायचा. आपल्या माणसापुढे हात थरथरतो, आकडा आपल्याला हवा तसा दिसायला लागतो. म्हणून दादाचं सगळं डॉक्टर नेकेसा आणि चेबेट बघतात. मी फक्त सकाळी मशीन तपासतो. ते मात्र आता दोनदा तपासतो.

शुक्रवार, १६ जून

चेबेट आज हसली. दादामुळे. त्याला मास्क घालताना टेक्निशियन वाफुला म्हणाला, "ओगादाभाऊ, हलू नका." दादा जाळीतून, दात न उघडता — "हलणार कुठे लेका? जाळ्यातला तिलापिया मासा झालाय माझा!"

मास्क म्हणजे प्लास्टिकची जाळी. गरम पाण्यात टाकली की मऊ पडते, मग पेशंटच्या तोंडावर ओढून बसवायची. थंड झाली की त्याच तोंडाची होऊन राहते. कडा टेबलाला खिळवायच्या. डोकं रोज त्याच जागी, त्याच कोनात. गाठीला लागून डोळ्याच्या नसा आहेत, मागे मेंदूचा देठ. तिथे दोन-तीन मिलिमीटर इकडेतिकडे म्हणजे एकतर गाठ सुटली नाहीतर नजर गेली.

दादाला हे पाठ आहे. म्हणून मला मिलिमीटरसाहेब म्हणतो. मास्क करण्याआधी चेबेटने केस बारीक करायला सांगितले होते, तर ऐकला नाही. केस त्याचे दाट, उभे, टोपीसारखे. "हे केस दुरून बघून लोक माझ्या गाडीत चढतात. पाटी आहे ती माझी!" शेवटी केसांसकट मास्क केला. उपचार संपेपर्यंत न्हाव्याकडे जायचं नाही, या अटीवर.

सोमवार, १९ जून

काकांचा फोन. मातीनंतर चौथ्या दिवशी मुंडण.

अकरा दिवस झाले आणि हे माझ्या डोक्यातच आलं नाही! शाळकरी पोरालाही माहीत असतं. आई, मग थोरला, मग मी, मग अडोयो. वयाच्या क्रमाने. थोरल्याचे उतरले नाहीत तर मागच्यांच्या डोक्याला पाणी लावत नाहीत. आणि मुंडण पुरं होईपर्यंत आई कुंपणाच्या बाहेर पाऊल टाकणार नाही, कुणाच्या चुलीवरचं खाणार नाही.

मी फोनवर "हो काका" म्हणत होतो. पाचसहा वेळा म्हटलं असेल.

केस गेले की मास्क सैल. मास्क सैल झाला की पुढचं सगळं सैल.

मंगळवार, २० जून

दादाला सांगितलं. त्याने लगेच डोक्यावरून हात फिरवला. म्हणाला, "हे तुझ्या पुस्तकात नव्हतं का?"

मार्ग काढला — एक बट कापायची. हल्ली बरेचजण तसं करतात. चर्चवाले तर सर्रास. मानेजवळची एक बट, कात्री नुसती लावायची. क्रमही राहतो, केसही राहतात. काकांना मी विचारावं असं ठरलं. म्हणजे दादाने ठरवलं.

त्यानंतर तो डॉक्टर नेकेसांच्या खोलीत गेला. बराच वेळ होता. मी बाहेर उगाच प्रिंटरचे कागद सारखे करत बसलो. बाहेर आला तर वाफुलाशी फुटबॉलवरून भांडायला लागला. गोर माहियाचा गोलकीपर कसा झोपतो ते वाकून करून दाखवलं.

बुधवार, २१ जून

काका कबूल झाले! "तुमच्या पिढीला केसांची माया बापापेक्षा जास्त," असं ऐकवलं. ऐकून घेतलं. बट तर बट.

शनिवार, २४ जून

बाबांना माती दिली.

काल शवागारातून आणताना दादाची पाळी चुकली. एक दिवस. नेकेसा म्हणाल्या चालेल.

माणसं पुष्कळ आली. काका माइकवर बोलले, मग बाबांच्या फेरीबोटीवरचे जुने सोबती, मग कुठलेकुठले. थोरला म्हणून दादा बोलला. थोडकंच. बाबा बोटीवर तिकिटं फाडायचे आणि तिकीट नसलेल्या बाईला बघून तळ्याकडे तोंड करून उभे राहायचे, ते सांगितलं. लोक हसले, रडले. मग माझ्या हातात माइक दिला. मी म्हटलं, "बाबा चांगले होते." आणि परत दिला.

चेबेट आणि वाफुला आले होते. चेबेट दादाचा हात हातात घेऊन रडली. माझ्या बाबांना ती एकदाच भेटली होती. मला बरं वाटलं आणि जरा विचित्रही.

रविवार, २५ जून

गुरं पळवून झाली. शिंगांना वेली बांधून, ओरडत, काठ्या आपटत रानापर्यंत — मृत्यूला हाकलून आले सगळे. दादा पुढे होता. धापा टाकत परत आला आणि कुडाला टेकून बसला. मी पाणी दिलं. "काय मिलिमीटरसाहेब, किती लांब गेला असेल मृत्यू?" मी म्हटलं, पाणी पी.

बुधवार, २८ जून

काय लिहू.

सकाळी अंगणात बसलो सगळे. आईचे उतरवले. पांढरे, मऊ. डोकं एवढंसं दिसायला लागलं. मग दादा पुढे जाऊन बसला. काकांनी कात्री घेतली, एक बट धरली. ठरल्याप्रमाणे.

दादा म्हणाला, "कात्री नको. वस्तरा घ्या."

काकांना कळलं नाही. "अरे पण ओकुमू म्हणाला—"

"ओकुमू धाकटा आहे. सगळे काढा. बाबांचं आहे, अर्धमुर्धं नको."

मी उठलो. तोंड उघडलं. पन्नास माणसं बघत होती, आई बघत होती. काय सांगणार होतो? सायनसला केस लागतात? दादाने माझ्याकडे बघितलं आणि मान हलवली — नाही. मी खाली बसलो. पाणी लावलं, वस्तरा फिरला. ते दाट केस पुंजक्यापुंजक्याने मांडीवर पडत होते आणि मी मनात बेरजा करत होतो. वर किती, कानामागे किती, हनुवटी किती खाली येईल.

मग माझी पाळी. वस्तरा थंडगार होता. मग अडोयो.

झाल्यावर आई उठली, कुंपणापर्यंत गेली आणि बाहेर पाऊल टाकून उभी राहिली. नुसती उभी. दादा तिच्याकडे बघत होता. इतका शांत की मला त्याचा राग आला.

गुरुवार, २९ जून

मास्क घातला. माझी दोन बोटं आत गेली. वाफुलाने माझ्याकडे बघितलं. मी चेबेटला बोलावलं आणि बाहेर जाऊन उभा राहिलो. माझा नियम.

उपचाराआधी मशीनवरच एक चित्र काढतात. कवटीची हाडं मूळच्या चित्रावर ठेवून बघायची, बसतात का. चेबेट बाहेर आली. "चार मिलिमीटर. आणि जरा फिरलंय पण." आज किरण द्यायचे नाहीत. नवा मास्क, नवा सीटी स्कॅन, नवा हिशेब, मग पुन्हा मशीनवर पडताळणी.

नवी जाळी शिल्लक नाही. माल मोंबासाच्या बंदरात अडकलाय. म्हणून जुनीच पुन्हा गरम पाण्यात. आम्ही करतो तसं, नाइलाज असतो. टाकीपाशी मी होतो. दादाचं तोंड पाण्यात होतं — नाक, भुवया, हनुवटीची खाच, सगळं. मग हळूहळू पसरलं आणि सपाट झालं. मी इतक्या वेळा हे बघितलंय. आज टाकीची कड धरून उभा राहिलो.

दादाचं टक्कल बघून वाफुला म्हणाला, "भाऊ, पाटी उतरवली?" दादा म्हणाला, "गाडी रंगवायला दिलीय."

शुक्रवार, ३० जून

स्कॅन झाला. हिशेबाला चेबेटला शनिवार-रविवार लागणार. म्हणजे काल नाही, आज नाही, सोमवारी नाही. बुधवार तर गेलाच. आणि त्याआधीचा शुक्रवार.

रोज थोडा डोस का देतात? निरोगी पेशी दुसऱ्या दिवसापर्यंत सावरतात, गाठीच्या पेशींना तेवढं सावरता येत नाही. हाच सगळा खेळ आहे. पण मध्ये खंड पडला की गाठ सवड साधते आणि पुन्हा वाढायला लागते. डोक्या-मानेच्या गाठीत तर एकेक दिवस मोजतात. भरपाईची रीत आहे — काही दिवस दोनदा द्यायचं, मध्ये सहा तास सोडून. सगळ्यांना ठाऊक आहे. डॉक्टर नेकेसांनीच आम्हाला शिकवलंय.

दुपारी त्यांच्याकडे गेलो. उभ्यानेच म्हटलं, "भरपाईचं कसं करायचं?"

"बघते मी."

"मंगळवारपासून दोनदा ठेवायचं का? मशीनची वेळ मी काढून देतो."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "गरज वाटत नाही, ओकुमू."

गरज वाटत नाही! मी "बरं" म्हणून बाहेर आलो. जिन्यात थांबलो. परत वर गेलो. दाराशी गेलो. पुन्हा खाली आलो.

रविवार, २ जुलै

जीव थाऱ्यावर नाही. तळ्याकाठी गेलो, परत आलो, पुन्हा गेलो. तळलेला मासा घेतला, दोन घास खाऊन कुत्र्याला दिला. डोक्याला ऊन लागतं. हात सारखा वर जातो आणि गुळगुळीत लागलं की दचकतो.

नेकेसाबाई कंटाळल्यात का? पेशंट फार, माणसं थोडी, हे मलाही दिसतं. पण त्या अशा नव्हत्या. एका म्हातारीसाठी त्यांनी सुट्टीच्या दिवशी मशीन चालू करायला लावलं होतं. मग माझ्या भावाच्या वेळीच का?

मंगळवार, ४ जुलै

पुन्हा सुरू. नवा मास्क घट्ट बसला. चित्र जुळलं, एक मिलिमीटरच्या आत. चेबेटने खिडकीतून अंगठा दाखवला. सकाळी मशीन तीनदा तपासलं. तिन्ही वेळा तोच आकडा.

एकदाच दिलं. दोनदा नाही.

शनिवार, ८ जुलै

दादाशी भांडलो. आयुष्यात पहिल्यांदा.

त्याच्या घरी गेलो होतो. वहिनीने बारीक ओमेना मासे आणि मक्याची उगाली वाढली होती. तो मजेत खात होता. डोकं दुखायचं थांबलंय म्हणे, समोरचे दोन पुन्हा एक व्हायला लागलेत. मी कागद काढला. भरपाईचा हिशेब मांडून नेला होता. त्याची फाईल न बघता, नुसत्या चुकलेल्या दिवसांवरून. म्हटलं, हा नेकेसाबाईंना तू दाखव. पेशंटने मागितलं तर त्यांना नाही म्हणता येणार नाही.

"दिवसातून दोनदा जाळ्यात? एकदा पुरे नाही का?"

"हसू नकोस."

"बरं, नाही हसत."

"एक बट ठरली होती! मी काकांच्या पाया पडून कबूल करून घेतलं होतं. तू सगळ्यांसमोर— चार दिवस गेले दादा! तुला कळतंय का, त्या दिवसांत ती गाठ आत काय करत असेल?"

माझा आवाज एवढा चढला की वहिनी आतून आली. ती माझ्याकडे नाही, त्याच्याकडे बघत होती. दादाने बोटं चाटून घेतली, सावकाश. म्हणाला, "केसच होते रे. बाबांचं थोरल्याने करायचं, ते केलं. बस, जेव."

कागद त्याने घडी घालून खिशात ठेवला. देईन म्हणाला.

मंगळवार, ११ जुलै

दिला नाही. चेबेटला विचारलं तर ती पडद्याकडे बघत म्हणाली, "डॉक्टर सांगतील तसं."

"पण तुला काय वाटतं? फिजिसिस्ट म्हणून?"

"ओकुमू, तू घरी जा जरा. झोप काढ. बाप गेलाय तुझा."

मला ते लागलं. बाप गेलाय हे मला माहीत आहे. म्हणून तर.

शुक्रवार, १४ जुलै

आज डॉक्टर नेकेसांना बोललो. वऱ्हांड्यात, लोक होते. म्हटलं, "हाच पेशंट तुमचा भाऊ असता तर?" त्यांचा चेहरा बदलला. मला वाटलं, आता ओरडतील. ओरडल्या नाहीत. म्हणाल्या, "माझा असता तर मीही तुमच्यासारखीच भांडले असते." आणि निघून गेल्या.

हे काय उत्तर झालं?

रविवार, १६ जुलै

आईचा फोन आला. तिने स्वतः लावला, कधी लावत नाही. म्हणाली, कुंपणाबाहेर जाते आता. बाजारात जाऊन आले. बायकांनी हात हातात घेतले. "ओगादाने माझी लाज राखली." मग जरा थांबून — "तुझं मशीन चालू आहे का?"

चालू आहे म्हटलं.

गुरुवार, २० जुलै

दादा रोज येतो. वेळेच्या आधी. बाकावरच्या सगळ्यांशी ओळखी करून घेतल्यात. एका भेदरलेल्या शिक्षिकेला आज सांगत होता, "आत काही नाही मॅडम. माझा भाऊ पहाटे येऊन मशीनला आंघोळ घालतो, मग आपल्याला आत घेतात." ती हसली. मला बघून सगळेच हसले. मीही हसलो असेन.

गालांची कातडी काळवंडलीय, गिळायला त्रास होतो. लापशीवर आहे. केस तांदळाएवढे आलेत, पण किरण जातात तिथे मानेमागे पट्टा रिकामाच. मास्क अजून घट्ट आहे, मी विचारून घेतलं.

सोमवार, २४ जुलै

शेवटचा दिवस. झालं. वाफुलाने मास्क सोडवला, दादा उठून बसला, तोंडावर जाळीच्या खुणा. दारातच शिक्षिकेने, वाफुलाने, चेबेटने टाळ्या वाजवल्या. आमच्याकडे तशी पद्धत आहे. डॉक्टर नेकेसा पण आल्या होत्या. त्यांच्याशी मी अजून नीट बोलत नाही.

दादा खाली वाकून नमस्कार करून आला, नटासारखा. मग माझ्याजवळ येऊन हळूच — "उद्या घरी ये. एकटा."

आता पुढचं मी मनात लावून ठेवलंय. तीन महिन्यांनी स्कॅन. खंड पडला होता, भरपाई झाली नाही. तरी काहीजण बरे होतात. होतात!

मंगळवार, २५ जुलै

गेलो. त्यानेच सांगितलं. गाठ हाडांत उतरलीय. कण्यात, बरगड्यांत. बाबा गेले त्याच आठवड्यात, शनिवारी, नैरोबीत हाडांचा स्कॅन काढून घेतला होता, नेकेसाबाईंनी पाठवलं होतं. बाबांना माती देण्याआधीच त्याला कळलं. किरण पुढे चालू ठेवले ते डोकेदुखी थांबावी आणि नजर राहावी म्हणून. बरं होण्यासाठी ते नव्हतेच. म्हणून भरपाई नव्हती. चेबेटला, वहिनीला, सगळ्यांना ठाऊक होतं. "ओकुमूला सांगू नका, तो मशीन बंद पाडेल, असं मीच म्हटलं त्यांना."

केसांचं मी विचारायच्या आधीच म्हणाला, "एक बट कुणी मानली असती, कुणी नसती. सगळे न उतरवता मी गेलो असतो तर आई कायमची कुंपणात राहिली असती. आणि माझ्यामागे तुम्ही दोघं अडकला असता."

मी म्हटलं, मग डोकं दुखायचं तर केव्हाच थांबलं होतं. शेवटपर्यंत रोज का आलास?

"तू रोज वाट बघत होतास."

खोलीवर आलो. सकाळी शर्ट भिजत घातला होता. तो धुतला, पिळला, बाहेर वाळत घातला.